डिनोचा हिशेब आणि दोन 'रेड ड्रॅगन'

१५ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत 'मॅनहंटर' लागला आणि फारसा गाजावाजा न होता उतरलाही. खर्च सुमारे दीड कोटी डॉलर, अमेरिकेतली वसुली सुमारे ८६ लाख. निर्माता डिनो दे लॉरेन्टिस याच्या लेखी हा आतबट्ट्याचा व्यवहार होता आणि तो तिथेच संपला होता. सोळा वर्षांनी, ४ ऑक्टोबर २००२ रोजी, त्याच निर्मात्याने त्याच कादंबरीवर दुसरा चित्रपट आणला. त्याचा खर्च पहिल्याच्या पाचपटीहून जास्त होता आणि कॅमेरा पुन्हा त्याच माणसाच्या हाती होता. चित्रपटाचं नाव कादंबरीचंच होतं: 'रेड ड्रॅगन'.

एरवी जुन्या चित्रपटाची नवी आवृत्ती निघते ती तो गाजला होता म्हणून, किंवा फसला होता म्हणून. इथे दोन्ही कारणं लागू नव्हती. मधल्या काळात एका नटाच्या चेहऱ्याला बाजारात भलतीच किंमत आली होती आणि तो चेहरा 'मॅनहंटर'मध्ये नव्हता, एवढंच कारण होतं. नरभक्षक मनोविकारतज्ज्ञ हॅनिबल लेक्टरची ही गोष्ट त्यामुळे चित्रपटकलेइतकीच वहीखात्याचीही आहे.

थॉमस हॅरिस हा मूळचा पत्रकार. असोसिएटेड प्रेसमध्ये त्याने काम केलं होतं. 'ब्लॅक संडे' ही त्याची पहिली कादंबरी १९७५ची. तिच्यावर चित्रपटही झाला. दुसऱ्या कादंबरीसाठी तो व्हर्जिनियातल्या क्वांटिकोला, एफबीआयच्या वर्तनशास्त्र विभागात जाऊन बसला. रॉबर्ट रेस्लर, जॉन डग्लस आणि त्यांचे सहकारी त्या काळात तुरुंगात जाऊन अट्टल खुन्यांच्या मुलाखती घेत होते. एकमेकांशी ओळख नसलेल्या माणसांना एकच जण एकामागोमाग एक का मारत सुटतो, याचा माग त्यांना खुनाच्या जागेवरून काढायचा होता. 'सीरियल किलर' हा शब्द तेव्हा पोलिसांच्या बोलण्यात रुळत होता, वाचकांच्या कानी फारसा पडलेला नव्हता.

१९८१ साली 'रेड ड्रॅगन' आली ती या साहित्यातून. पौर्णिमेच्या रात्री अख्खी कुटुंबं संपवणारा फ्रान्सिस डोलरहाइड, त्याला शोधण्यासाठी निवृत्तीतून बाहेर ओढला गेलेला विल ग्रॅहॅम, आणि कोठडीत बसून दोघांशीही खेळणारा डॉक्टर लेक्टर. ग्रॅहॅमची ताकद आणि त्याचा शाप एकच आहे. खुनी जसा विचार करतो तसा विचार त्याला करता येतो, आणि मग त्यातून बाहेर पडता येत नाही. लेक्टरला पूर्वी त्यानेच पकडलेलं असतं. त्या पकडण्यात तो जिवावरच्या जखमेतून कसाबसा वाचतो.

या कादंबरीची खरी कळ मात्र डोलरहाइडच्या नोकरीत आहे. सेंट लुइसमधल्या एका प्रयोगशाळेत तो फिल्म धुण्याच्या विभागात असतो. लोक मुलांच्या वाढदिवसाच्या, अंगणातल्या कुत्र्याच्या, सुट्टीतल्या मौजेच्या घरगुती फिल्म तिथे पाठवतात. तो त्या पाहतो आणि त्यांतून कुटुंबं निवडतो. मागच्या दाराला कुलूप कसलं आहे, घरात कुत्रा आहे की नाही, हे त्याला घराजवळ न फिरकता कळतं. पडद्यावर जायला इतकी आतुर गोष्ट विरळाच.

दे लॉरेन्टिसने हक्क घेतले. डेव्हिड लिंचचं नाव आधी चर्चेत होतं, पण काम मायकेल मानकडे आलं. 'मायामी व्हाइस' या दूरचित्रवाणी मालिकेमुळे मान तेव्हा चलतीत होता. तोही एफबीआयच्या लोकांत वावरला. कॅलिफोर्नियातल्या तुरुंगातल्या एका खुन्याशी त्याचा बराच काळ पत्रव्यवहार होता. एका गाण्यामुळे आपलं एका स्त्रीशी नातं जुळलं आहे, अशी त्या माणसाची ठाम समजूत होती. आयर्न बटरफ्लाय या वाद्यवृंदाचं तेच लांबलचक गाणं मानने शेवटच्या झटापटीत वापरलं.

नटांची निवडही अशीच. ग्रॅहॅमच्या भूमिकेत विल्यम पीटरसन. त्याचा वरिष्ठ जॅक क्रॉफर्ड झाला डेनिस फरिना, जो नट होण्याआधी अठरा वर्षं शिकागोच्या पोलीस दलात होता. डोलरहाइड झालेल्या टॉम नूननने अट घातली की त्याच्या पाठलागावर असलेल्या किंवा त्याचे बळी झालेल्या नटांपैकी कुणीही त्याला चित्रीकरणाआधी पाहायचं नाही. त्याचं विमान वेगळं, हॉटेल वेगळं. पीटरसनची आणि त्याची पहिली भेट झाली ती शेवटच्या प्रसंगात, पीटरसन काच फोडून आत उडी घेतो तेव्हा. पैसे आणि दिवस दोन्ही संपत आले होते, स्पेशल इफेक्टवाले निघून गेले होते. उरलेल्या मोजक्या लोकांनी रक्ताच्या जागी टोमॅटो केचप मारून वेळ निभावली. भूमिका पीटरसनच्या इतकी अंगात भिनली होती की चित्रीकरण संपल्यावर त्याने दाढी काढली आणि केस रंगवून घेतले.

लेक्टर झाला ब्रायन कॉक्स हा स्कॉटिश नट. डोळ्यांसमोर त्याने ठेवला होता पीटर मॅन्युएल, १९५८ साली ग्लासगोत फाशी गेलेला खुनी. कॉक्सच्या वाट्याला मोजून दोन-तीन प्रसंग आले. तुरुंग म्हणून मानने अटलांटाचं हाय म्युझियम ऑफ आर्ट निवडलं. रिचर्ड मायरने आखलेली ती पांढरीशुभ्र इमारत १९८३ साली उभी राहिली होती. पांढऱ्या भिंती, पांढरे गज, पांढऱ्या कपड्यांतला लेक्टर. कुठे अंधार नाही, कोळिष्टक नाही. कॉक्स पाठमोरा पडलेला असतो. मग उठून एखाद्या कंटाळलेल्या प्राध्यापकासारखा बोलू लागतो. मला कसं पकडलंस, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा जाणून घ्यायचं असतं. भेट संपल्यावर ग्रॅहॅम चालत बाहेर येत नाही, तो पळत सुटतो. म्युझियमच्या त्या वळणावळणाच्या उतारांवरून धावत, धापा टाकत हिरवळीवर येऊन थांबतो. लेक्टरने त्याला बोटही लावलेलं नसतं.

कॅमेरा होता दांते स्पिनोत्ती या इटालियन छायाचित्रकाराचा. दे लॉरेन्टिसनेच त्याला अमेरिकेत आणलं होतं. ग्रॅहॅम आणि त्याची बायको मॉली यांच्या प्रसंगांना त्याने निळा रंग दिला, आणि डोलरहाइडची सावली जिथे पडते तिथे हिरवा आणि जांभळट. समीक्षकांना हे खटकलं. दूरचित्रवाणी मालिकेचा झगमगाट चित्रपटात आणलाय, अशी टीका झाली.

नावाचीही वाट लागली. चित्रीकरण झालं ते 'रेड ड्रॅगन' या नावाने. पण १९८५ साली दे लॉरेन्टिसचाच 'इयर ऑफ द ड्रॅगन' आपटला होता आणि ताक फुंकून पिण्याची वेळ आली होती. शिवाय ड्रॅगन म्हटलं की लोकांना कराटेचा चित्रपट वाटेल, ही धास्तीही होतीच. म्हणून 'मॅनहंटर'. मानला ते नाव कधीच आवडलं नाही. दे लॉरेन्टिसची कंपनी १९८८ साली दिवाळखोरीत गेली.

त्याच १९८८ साली हॅरिसची पुढची कादंबरी आली, 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'. ओरायन कंपनीला ती हवी होती. अडचण एकच: हॅनिबल लेक्टर या पात्राचे पडद्यावरचे हक्क दे लॉरेन्टिसकडे होते. त्याला या भानगडीत रस उरला नव्हता. एकदा हात पोळले होते. त्याने ते पात्र वापरायची परवानगी ओरायनला फुकट दिली. अमेरिकन चित्रपटसृष्टीत इतकं महागडं दान क्वचितच झालं असेल.

१४ फेब्रुवारी १९९१ रोजी जोनाथन डेमीचा चित्रपट लागला. लेक्टर झालेला अँथनी हॉपकिन्स पडद्यावर जेमतेम सोळा मिनिटं दिसतो, पण प्रेक्षक बाहेर पडले ते त्याचीच नक्कल करत. जगभरात सुमारे २७ कोटी डॉलर जमले. १९९२च्या मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर त्याला मिळाली. अशी कामगिरी त्याआधी फक्त १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'ला आणि १९७५च्या 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट'ला साधली होती. मुंबईपर्यंत लाट पोचायला फार वेळ लागला नाही. १९९९ साली तनुजा चंद्राचा 'संघर्ष' आला, त्यात प्रीती झिंटा तपास अधिकारी होती आणि तिला मदत करणारा कैदी अक्षय कुमार.

कॉक्स आणि हॉपकिन्स यांच्या बाबतीत रंगभूमीवाले एक योगायोग सांगतात. 'मॅनहंटर' आला त्याच १९८६ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये हॉपकिन्स किंग लिअर करत होता, आणि हॉपकिन्स लेक्टर करत होता त्या सुमारास त्याच थिएटरमध्ये कॉक्स लिअर होता. तीच दोन पात्रं, तेच दोन नट, अदलाबदल करून. जगाच्या लक्षात राहिला तो एकच लेक्टर.

दे लॉरेन्टिस हे सगळं काठावरून पाहत होता. १९९९ साली हॅरिसची 'हॅनिबल' आली तेव्हा त्याने पुन्हा चूक केली नाही. हक्कांसाठी एक कोटी डॉलर मोजले. डेमीने नकार दिला, 'सायलेन्स'ची नायिका जोडी फॉस्टरने नकार दिला, पटकथाकार टेड टॅलीनेही दिला. रिडली स्कॉटने दिग्दर्शन केलं, फॉस्टरच्या जागी ज्युलिअन मूर आली, हॉपकिन्स मात्र होता. २००१च्या फेब्रुवारीत चित्रपट लागला आणि जगभरात सुमारे ३५ कोटी डॉलर घेऊन गेला. हॉपकिन्स असला की बाकी कुणी नसलं तरी चालतं, हे आता आकड्यांत सिद्ध झालं होतं.

प्रश्न एवढाच होता की आता चित्रपट काढायचा कशावर? हॅरिस सावकाश लिहिणारा, पुढची कादंबरी यायला वर्षं लागणार. पण घरच्याच कपाटात एक होती, आणि तिच्यात हॉपकिन्सने लेक्टर केलेला नव्हता. १९७६ साली जुन्या 'किंग काँग'ची नवी आवृत्ती काढणाऱ्या माणसाला ही युक्ती सुचवायला कुणाची गरज नव्हती.

दिग्दर्शक म्हणून त्याने निवडला ब्रेट रॅटनर. वय तिशीच्या थोडं पुढे, नावावर 'रश अवर'सारखे विनोदी मारधाडपट. लोकांनी भुवया उंचावल्या. बाकी जमवाजमव मात्र चोख होती. टॅली परत आला. 'सायलेन्स'ची कलादिग्दर्शक क्रिस्टी झीया परत आली आणि तिने जुन्या चित्रपटातली ती दगडी, तळघरासारखी कोठडी पुन्हा उभी केली. ग्रॅहॅम एडवर्ड नॉर्टन, डोलरहाइड रेफ फाइन्स, आंधळी रीबा एमिली वॉटसन, क्रॉफर्ड हार्वी कायटेल, पिवळ्या पत्रकारितेतला फ्रेडी लाउंड्स फिलिप सिमोर हॉफमन. इतका भारदस्त ताफा कुठल्याही लेक्टरपटात नव्हता. 'मॅनहंटर'मध्ये पोलीस अधिकारी झालेला फ्रँकी फेझन पुढच्या तिन्ही चित्रपटांत परिचारक बार्नी म्हणून दिसतो. चारही चित्रपटांत असलेला तो एकटाच नट.

आणि छायाचित्रकार पुन्हा स्पिनोत्ती. मधल्या काळात त्याने मानबरोबर 'हीट' आणि 'द इनसायडर' केले होते. आता त्याच कथेकडे तो दुसऱ्यांदा कॅमेरा लावत होता. निळा गेला, हिरवा गेला. तपकिरी, लाकडी, संध्याकाळचे रंग आले. छायाचित्रकार तोच असूनही दोन चित्रपट एकमेकांना ओळख देत नाहीत, यावरूनच निर्मात्याच्या मागणीचा जोर समजावा.

त्या मागणीचा पुरावा सुरुवातीच्याच प्रसंगात सापडतो. मानच्या चित्रपटात लेक्टरला कसं पकडलं हे दिसत नाही. ग्रॅहॅम ते आपल्या मुलाला सांगतो, आणि सांगतो कुठे, तर किराणा मालाच्या दुकानात, खोक्यांच्या आणि डब्यांच्या रांगांमध्ये उभं राहून. वर्तमानपत्रात वाचलेल्या बातमीने घाबरलेला मुलगा प्रश्न विचारतो, बाप उत्तरं देतो. त्या माणसाच्या विचारांत आपण कसे शिरलो, नंतर इस्पितळात का राहावं लागलं, हे तो अडखळत सांगतो. मागे कॉफीचे आणि बिस्किटांचे खोके लख्ख दिव्यांत रचलेले. हिंसेचा एक थेंबही पडद्यावर नाही, पण बापलेकांमधलं अवघडलेपण प्रेक्षकाच्या अंगावर येतं.

रॅटनरचा चित्रपट उघडतो तो १९८०च्या बाल्टिमोरमध्ये, भर संगीतसभेत. एक बासरीवाला बेसूर वाजवतो आणि प्रेक्षकांत बसलेल्या हॉपकिन्सच्या चेहऱ्यावर आठी उमटते. पुढच्याच प्रसंगात लेक्टरच्या घरी वाद्यवृंदाच्या विश्वस्तांची मेजवानी. काय वाढलं आहे ते प्रेक्षकाला कळतं, पाहुण्यांना कळत नाही. मग ग्रॅहॅम येतो, पाककलेच्या पुस्तकातली एक खूण त्याच्या नजरेस पडते, लेक्टरचा सुरा चालतो, ग्रॅहॅमचं पिस्तूल चालतं. प्रसंग उत्तम बांधला आहे, नॉर्टनही त्यात मनापासून घाबरला आहे. पण कादंबरीत हे असं मांडलेलं नाही. लोक ज्याच्यासाठी तिकीट काढून आले आहेत तो पहिल्या मिनिटालाच दिसला पाहिजे, म्हणून ते लिहून काढलेलं आहे. पुढेही लेक्टरला व्यायामासाठी बाहेर काढण्यापासून कोठडीत जेवण मागवण्यापर्यंत जागोजागी जागा करून दिली आहे. चौसष्ट वर्षांच्या हॉपकिन्सला 'सायलेन्स'च्या आधीचा, म्हणजे अधिक तरुण लेक्टर दाखवायचा, हीसुद्धा कसरतच होती.

तरी मूळ पुस्तकाशी इमान राखलं ते नव्याने, जुन्याने नाही. डोलरहाइडच्या पाठीवरचं गोंदण मानने आधी आखलं होतं आणि मग काढून टाकलं, कारण त्याने माणसाच्या आतल्या झगड्याचं सोंग होईल असं त्याला वाटलं. रॅटनरने ते फाइन्सच्या पाठभर रंगवलं. छळवादी आजीचा आवाज एलन बर्स्टिनने दिला. विल्यम ब्लेकचं ड्रॅगनचं चित्र ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. डोलरहाइड तिथे जाऊन ते खाऊन टाकतो, हा कादंबरीतला विलक्षण प्रसंग मानने गाळला होता, तो इथे परतला. शेवटही परतला. मानच्या चित्रपटात ग्रॅहॅम खुन्याच्या घरातच त्याला गोळ्या घालतो आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर बायको-मुलाकडे परत येतो. कादंबरीत आणि रॅटनरच्या चित्रपटात डोलरहाइड मेल्याचं सोंग करून ग्रॅहॅमच्या घरात शिरतो.

इतकं असून ज्या प्रसंगात कादंबरीचं काळीज आहे, तिथे जुनाच चित्रपट भारी पडतो. डोलरहाइड आंधळ्या रीबाला एका पशुवैद्यकाकडे नेतो. दात दुरुस्त करण्यासाठी एका वाघाला गुंगी दिलेली असते. मानच्या चित्रपटात रीबा झालेली जोन ॲलन त्या वाघाच्या अंगावर हात फिरवते, केसांत बोटं रुतवते, छातीवर कान ठेवून ठोके ऐकते. आंधळेपण कळावं म्हणून ॲलन न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर डोळ्यांवर पट्टी बांधून हिंडली होती. मान कॅमेरा वाघावर कमी आणि नूननच्या चेहऱ्यावर जास्त ठेवतो. त्या उंच, ओबडधोबड माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी न घाबरता एखाद्या हिंस्र प्राण्याला स्पर्श करताना दिसतं, आणि त्याला रडू आवरत नाही. फाइन्स आणि वॉटसन हेच करतात आणि चांगलं करतात, पण चित्रपटाला लवकर लेक्टरकडे परतायची घाई असते.

बाजाराने दे लॉरेन्टिसच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या तीन दिवसांतच 'रेड ड्रॅगन'ने अमेरिकेत सुमारे ३.६५ कोटी डॉलर जमवले, ऑक्टोबर महिन्यातला तोवरचा उच्चांक. जगभरात सुमारे २१ कोटी. समीक्षकही बऱ्यापैकी खूश होते. 'हॅनिबल'पेक्षा हा सरस, यावर बहुतेकांचं एकमत झालं. मग तोच हिशेब आणखी एकदा मांडला गेला. लेक्टरच्या बालपणाचा चित्रपट काढायचा दे लॉरेन्टिसने ठरवलं. आपण लिहिलं नाही तर दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील, हे हॅरिसला कळलं आणि त्याने 'हॅनिबल रायझिंग' लिहून दिली. २००७ साली तो चित्रपट आला. त्यात हॉपकिन्स नव्हता, आणि तो पडला. चेहऱ्याच्या भरवशावर चाललेल्या धंद्यात चेहराच नसला की काय होतं, त्याचं याहून चोख उदाहरण सापडणार नाही.

'मॅनहंटर'चं नशीब दरम्यान हळूहळू पालटलं. २००० साली अमेरिकेत 'सीएसआय' ही मालिका सुरू झाली. तिच्यात पीटरसन पुन्हा खुनाच्या जागा वाचणारा माणूस झाला आणि घराघरांत पोचला. प्रयोगशाळा, धागेदोरे, निळसर उजेडात काम करणारे तज्ज्ञ, हे सगळं मानने चौदा वर्षं आधी करून ठेवलं होतं, हे लोकांच्या तेव्हा ध्यानात आलं. २०१५ साली ब्रायन फुलरच्या 'हॅनिबल' मालिकेने 'रेड ड्रॅगन'ची कथा तिसऱ्यांदा पडद्यावर आणली. तिच्यातल्या रंगांच्या उधळणीत आणि ग्रॅहॅमच्या खचत जाण्यात रॅटनरपेक्षा मान जास्त दिसतो. 'सायलेन्स'ची नायिका क्लॅरिस स्टार्लिंग मात्र त्या मालिकेत येऊ शकली नाही, कारण 'सायलेन्स'चे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते. डिनोच्या फुकटच्या दानाचं व्याज अजून फिटलेलं नव्हतं.

दे लॉरेन्टिस २०१० साली वारला. निर्माता म्हणून त्याने २००२ साली घेतलेला निर्णय बिनचूक होता आणि रॅटनरनेही मिळालेलं काम इमानाने केलं. पण सीरियल किलरच्या चित्रपटांचा इतिहास लिहायचा झाला तर त्यात पान मिळेल ते ८६ लाख कमावणाऱ्याला. २१ कोटी कमावणाऱ्याला तळटीप पुरेल. दोन्ही पाहायचे असतील तर जुना आधी पाहा. हॉपकिन्स डोक्यात बसण्याआधी कॉक्सला एकदा नीट ऐकून घेतलं पाहिजे.